टिकला म्हणजे समाधानी?

चिकित्सक सिद्धांत म्हणजे विद्यापीठांत ‘क्रिटिकल थिअरी’ या नावाने ओळखली जाणारी विचारपद्धती. एखादा आकडा, कागद किंवा मुलाखतीतले उत्तर जसेच्या तसे उचलण्याआधी ते कुठल्या परिस्थितीत तयार झाले, कोणाच्या सोयीने तयार झाले आणि त्यात कोणाची नोंदच झाली नाही, हे विचारायला ती संशोधकाला लावते. १९३७ साली माक्स होर्कहायमर या जर्मन तत्त्वज्ञाने ‘पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांत’ हा निबंध लिहिला आणि या पद्धतीला नाव मिळाले. पारंपरिक रीतीत संशोधक जगाच्या बाहेर उभा राहतो. तो तथ्ये गोळा करतो, त्यांची वर्गवारी करतो, त्यांतून नियम काढतो. होर्कहायमरचा आक्षेप असा, की तथ्य दोन्हीकडून समाजाच्या हाताखालून गेलेले असते. जे पाहायचे ते इतिहासात घडलेले असते आणि पाहणाऱ्याची नजरही इतिहासातच घडलेली असते. त्यामुळे ‘मी फक्त आहे ते सांगतो’ असे म्हणणारा संशोधक बहुधा न कळत ‘जे चालले आहे ते चालू द्या’ असेही सांगत असतो.

हे वाचायला अमूर्त वाटते. ओमानमधल्या अल अमेरातचे उदाहरण घेतले की ते जमिनीवर येते. मस्कतच्या उघड्याबोडक्या डोंगरांपलीकडे वसलेला हा विलायत, म्हणजे ओमानमधला तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग, मस्कत गव्हर्नरेटचाच भाग आहे. समजा, व्यवस्थापनशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने २०१९ साली इथल्या कंपन्यांमधल्या परदेशी कामगारांची पाहणी केली. एकाच मालकाकडे माणूस किती वर्षे टिकतो, हा त्याचा प्रश्न. उत्तरे आली: सहा वर्षे, आठ वर्षे, अकरा वर्षे. पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते की समाधानी कर्मचारी नोकरी सोडत नाही. मग तक्त्याखाली निष्कर्ष लिहिला जाणार, की या कामगारांचे समाधान उच्च पातळीचे आहे. गणितात काही चूक नाही, टक्केवारीही बरोबर.

फक्त एक गोष्ट तक्त्याबाहेर राहिली. २०२० संपेपर्यंत ओमानमध्ये परदेशी कामगाराला करार पूर्ण झाल्यावरही दुसरीकडे नोकरी धरायची असेल तर जुन्या मालकाचे ना-हरकत पत्र लागत असे. आखातातल्या आपल्या माणसांच्या बोलण्यातली ‘एनओसी’ ती हीच. ती मिळाली नाही तर देश सोडावा लागे आणि दोन वर्षे परत येता येत नसे. १ जानेवारी २०२१ पासून ही अट उठली. म्हणजे त्या काल्पनिक विद्यार्थ्याने माणसांचे समाधान मोजलेच नाही. त्याने एक नियम मोजला आणि त्याला समाधान हे नाव दिले. चिकित्सक सिद्धांत इथे ‘कामगार दुःखी होते’ असा उलटा निष्कर्ष काढत नाही. ते सुखीही असतील. पण त्या तक्त्यातून हे कळायला मार्ग नाही आणि तक्ता मात्र कळल्यासारखे दाखवतो, एवढेच तो म्हणतो. संशोधनात या सिद्धांताचा उपयोग कसा होतो, याचे सार या एका उदाहरणात बरेचसे येते.

ही पद्धत जिथे आकाराला आली ती फ्रँकफुर्टची सामाजिक संशोधन संस्था १९२३ साली स्थापन झाली. संस्थेला पैसा दिला फेलिक्स वाइल या तरुणाने. त्याच्या वडिलांनी अर्जेंटिनातून धान्याचा व्यापार करून संपत्ती कमावली होती. भांडवलशाहीची चिकित्सा करणारी संस्था धान्याच्या नफ्यावर उभी राहिली, याची गंमत तेव्हाच्या लोकांनाही कळत होतीच. १९३० मध्ये होर्कहायमर संचालक झाला. या मंडळींना आकडेवारीचे वावडे होते असा एक समज आहे, तो खरा नाही. १९२९ मध्ये संस्थेशी जोडलेल्या एरिक फ्रॉम या मानसविश्लेषकाने जर्मन कामगार आणि नोकरदारांची पाहणी सुरू केली. २७१ प्रश्नांची प्रश्नावली सुमारे ३,३०० जणांना वाटली गेली आणि १,१०० भरून परत आल्या. प्रश्न नुसते ‘मत कोणाला देता’ एवढ्यावर थांबत नव्हते. मुलांना मारल्याशिवाय वाढवता येईल का, लग्न झालेल्या बाईने नोकरी करावी का, असेही विचारले होते. उत्तरे लोकांच्याच शब्दांत उतरवून घेतली आणि मग त्यांचा अर्थ लावला गेला. निघाले असे, की डाव्या पक्षांना मत देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे घरातले वागणे हुकूमशाहीला सहज शरण जाणाऱ्या माणसाचे होते. चार वर्षांत हिटलर सत्तेवर आला. प्रश्नावल्यांचा बराच भाग पळापळीत हरवला आणि हा अभ्यास पुस्तकरूपाने यायला १९८० साल उजाडले.

पुढच्या पिढीत युर्गेन हाबरमासने १९६८ च्या ग्रंथात ज्ञानामागचे तीन हेतू वेगळे केले: जगावर ताबा मिळवणे, एकमेकांना समजून घेणे आणि बंधनातून सुटणे. प्रबंध लिहिणाऱ्याने आपला हेतू या तिन्हींपैकी कुठला, एवढे जरी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवले तरी अर्धे काम होते.

नाझींपासून पळालेली ही संस्था जिनिव्हामार्गे १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आश्रयाला गेली. मराठी वाचकाने इथे जरा थांबावे. त्याच विद्यापीठात अठरा वर्षांपूर्वी, ९ मे १९१६ रोजी, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला होता. त्यांनी सुरुवात केली ती आधीच्या अभ्यासकांच्या व्याख्या तपासण्यापासून. सेनार, नेसफिल्ड, रिस्ली हे जातीकडे सुटा गट म्हणून पाहतात. जात ही एका व्यवस्थेतला भाग आहे, हे त्यांच्या नजरेतून निसटते, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. या बाबतीत त्यांनी श्रेय दिले ते श्रीधर व्यंकटेश केतकरांना. ज्ञानकोशकार होण्याआधी केतकरांनी अमेरिकेतच जातीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले होते. पण श्रेय देऊन आंबेडकर थांबत नाहीत. जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांची दोन लक्षणे म्हणजे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे ते दाखवतात. आणि मग सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चालींना ‘जुन्या रूढी’ म्हणून सोडून न देता, जातीच्या आतच लग्ने होत राहावीत म्हणून केलेल्या व्यवस्था म्हणून उलगडतात. वरवर घरातली वाटणारी गोष्ट सत्तेच्या रचनेशी जोडून दाखवणे, ही चिकित्सक संशोधनाची खास खूण त्या निबंधात पानोपानी आहे.

त्याच्याही आधी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा हिशेब होता शाळा किती, कॉलेजे किती, विद्यार्थी किती. फुल्यांनी तोच हिशेब उलट बाजूने मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, तर मग हे ज्ञान खाली झिरपणार कसे? शिक्षणाचा आकडा करासमोर ठेवल्याबरोबर त्याचा अर्थ पालटला. फुले म्हणजे महाराष्ट्राचे होर्कहायमर, असे मात्र म्हणायचे कारण नाही. अशी तुलना करताना आपल्याला फ्रँकफुर्टचे प्रमाणपत्र हवे असते, एवढेच त्यातून दिसते. दोन ठिकाणी दोन वेगळ्या दडपणांतून सारखा प्रश्न उभा राहिला, असे म्हणणे अधिक खरे.

महाराष्ट्रात विद्यापीठीय संशोधनात ही रीत सर्वांत नीटपणे वापरली ती शर्मिला रेगे यांनी. पुणे विद्यापीठात त्या समाजशास्त्र शिकवत आणि पुढे तिथल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राच्या प्रमुख झाल्या. १९९५ मध्ये त्यांचा लावणी कलावंतांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लावणीचा अभ्यास त्याआधी होत नव्हता असे नाही. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या रचना गोळा झाल्या होत्या. त्यांची भाषा, वृत्ते, शृंगार, कोणती लावणी कोणाची, यावर मेहनतीने लिहिले गेले होते. त्या अभ्यासात शाहिराला नाव होते. नाचणारी मात्र बहुतेक वेळा बिननावाची, शृंगाराचे निमित्त.

रेगे यांनी कॅमेरा शाहिरावरून काढून तिच्यावर नेला. उत्तर पेशवाईत लावणी बहरली, त्या काळातच कुणबिणी आणि बटकींची खरेदी-विक्री, देवाणघेवाण चालत होती. तशा नोंदी दफ्तरांत आहेत. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पुस्तकांत सुखाने नांदत होत्या, एक साहित्याच्या कपाटात तर दुसरी प्रशासनाच्या. रेगे यांनी त्या शेजारी ठेवल्या. मग दिसले की खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या बाईचे श्रम आणि शरीर यांवर ताबा ठेवणारी व्यवस्था आणि तीच बाई सदा कामातुर असते असे रंगवणारी कला, यांचा एकमेकींना आधार होता. शृंगार हा इथे नुसता रस राहत नाही, तो एक युक्तिवादही होतो. आणि पुढे सिनेमाने आणि मध्यमवर्गीय रंगमंचाने लावणी उचलली तेव्हा नफा, मान आणि नाव कोणाकडे गेले, हा प्रश्न आपोआप पुढे येतो. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की नवे कागद फारसे सापडलेले नव्हते. जुन्याच कागदांना नवा प्रश्न विचारला होता. लावणीचे सौंदर्य नाकारण्याचाही त्यात हेतू नव्हता. काही वाचकांना तसे वाटले, पण तो वाचकांचा घाईचा निकाल होय.

कागदांत जे नाहीच त्याचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. आंबेडकरी चळवळीत स्त्रिया होत्या हे सगळ्यांना माहीत होते, पण चळवळीच्या इतिहासात त्या गर्दीच्या फोटोत होत्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी नोंदवल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. दोघींपैकी कोणीही विद्यापीठात पीएच.डी.साठी हे करत नव्हती, तरी पद्धतीच्या दृष्टीने ते काम अनेक प्रबंधांना धडा देणारे आहे. लिखित पुरावा नाही म्हणून घटना घडली नाही असे धरायचे नाही. ज्यांच्याकडे लिहायची साधने नव्हती त्यांच्याकडे जाऊन बसायचे, आणि एकीची आठवण दुसरीच्या आठवणीशी ताडून पाहायची. बेबी कांबळे यांची गोष्टही अशीच. घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिले, वीस वर्षे ते कागद दडवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ हे त्यांचे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. ती वीस वर्षे म्हणजेसुद्धा पुरावाच आहे, मात्र कुठल्याही अभिलेखागारात ती सापडायची नाहीत.

रेगे यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, शांताबाई दाणी, ऊर्मिला पवार यांच्यासह आठ दलित स्त्रियांची आत्मकथने अभ्यासली. त्यांनी ती ‘साहित्य’ म्हणून नव्हे, साक्ष म्हणून वाचली. आत्मकथेतला ‘मी’ एका माणसाचा असतो. साक्षीतला ‘मी’ वस्तीच्या वतीने बोलतो. असे वाचले की बाईच्या वैयक्तिक हालअपेष्टांची कहाणी एका सामाजिक सिद्धांताचा भाग होते.

इथे एक वाद उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. १९९५ मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी मांडले, की दलित स्त्रिया वेगळे बोलतात आणि त्यांच्या वतीने दुसऱ्यांनी बोलण्याला अर्थ नाही. १९९८ मध्ये रेगे यांनी त्याला उत्तर दिले. वेगळेपण मान्य, पण ते तिथेच ठेवले तर बाकीच्यांची जबाबदारी संपते. ‘तो तुमचा प्रश्न’ म्हणून सवर्ण स्त्रीवादी मोकळ्या होतात. म्हणून त्यांनी भूमिदृष्टीची, म्हणजे दडपल्या गेलेल्यांच्या जागेवरून जग पाहण्याची (‘स्टँडपॉइंट’), कल्पना पुढे आणली. ही दृष्टी जन्माने मिळत नाही, ती कमवावी लागते. दलित नसलेल्या संशोधिकेलाही ती घेता येते, फक्त त्यासाठी स्वतःच्या सवयी आणि सोयी मोडाव्या लागतात. गुरू यांनी २००२ मध्ये आणखी खोलवरच्या दुखण्यावर बोट ठेवले. भारतीय समाजशास्त्रांत काही जण सिद्धांत मांडतात आणि काही जण फक्त माहिती पुरवतात, ही विभागणी जातीच्या उतरंडीसारखीच आहे, असे त्यांनी दाखवले. संशोधन पद्धतीच्या तासाला हा निबंध वाचला जावा. गावात जाऊन प्रश्नावल्या भरणारा सहायक कोण असतो आणि शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे असते, एवढे पाहिले तरी त्याचा मुद्दा कळतो.

आता हे सगळे घेऊन पुन्हा अल अमेरातला जाता येते. मराठी वाचकाच्या कानावर हे नाव गेले असेल ते क्रिकेटमुळे. भारतात व्हायचा टी-ट्वेंटी विश्वचषक कोविडमुळे अमिराती आणि ओमानमध्ये हलला आणि १७ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचा पहिला सामना अमेरातच्या मैदानावर झाला. ओमानने पापुआ न्यू गिनीला दहा गडी राखून हरवले. कर्णधार झीशान मकसूद पाकिस्तानात जन्मलेला, नाबाद ७३ धावा करणारा जतिंदर सिंग लुधियानाचा. दोन महिने आधी मुंबईचा संघही इथे खेळून गेला होता.

या मैदानावर शोधनिबंध लिहायचा तर सरळ विषय असा: आखातात क्रिकेटचा प्रसार. मैदाने किती, संघ किती, प्रायोजक कोण. असा अभ्यास व्हायलाही हवा. चिकित्सक अंगाने जाणारा संशोधक मात्र आधी ‘राष्ट्रीय संघ’ या शब्दापाशी अडखळतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद खेळाडूची पात्रता ठरवताना तीन वर्षांचे वास्तव्यही ग्राह्य धरते. ते वास्तव्य नोकरीच्या कराराला बांधलेले असते. म्हणजे देशाचा पोशाख अंगावर आहे, पण देशाचे नागरिकत्व नाही. राष्ट्र कोणाला म्हणायचे, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न इथे पात्रतेच्या अर्जावर भरावा लागतो. २०२० च्या जनगणनेत ओमानची लोकसंख्या सुमारे ४४.७ लाख भरली आणि त्यांत दर शंभरांत ३९ परदेशी होते. हे लोक ‘तात्पुरते’ म्हणून मोजले जातात. ज्याची तीस वर्षे इथे गेली तो तात्पुरता कसा? नेहा व्होरा यांनी दुबईतल्या भारतीयांवर २०१३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात नेमकी हीच कोंडी पकडली आहे: कागदावर पाहुणे असलेले लोक रोजच्या व्यवहारात शहराचेच कसे होऊन जातात.

दुसरा अडखळा हिरवळीपाशी येतो. रखरखीत डोंगरांमध्ये हिरवेगार मैदान राखणारे हात कोणाचे? सामन्याच्या वृत्तांतात ते येत नाहीत. इथे पुण्याची आठवण होणे साहजिक आहे. चर्मकार समाजातले पालवणकर बाळू यांनी पुण्यातल्या इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम केले आणि नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकता टाकता ते त्या काळातले भारतातले सर्वांत मोठे फिरकी गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघातून ते खेळत, पण चहा त्यांना वेगळ्या भांड्यात, वेगळा मिळे. कर्णधारपद त्यांच्यापासून दूरच ठेवले गेले. ते पालवणकर घराण्यात आले १९२३ मध्ये, धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे. धावफलकात ११४ हा आकडा आहे, चहाचे भांडे नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात ही दोन्ही टोके एकत्र आणली. त्यांच्या साधनांत विठ्ठल यांचे मराठी आत्मचरित्रही होते. फक्त इंग्रजी कागद वाचणाऱ्याला ते दिसले नसते. साधने निवडणे ही तांत्रिक बाब नाही, हे यापेक्षा स्वच्छ सांगता येणार नाही.

प्रत्यक्ष मुलाखतींच्या टप्प्यावर अमेरातचा संशोधक खरा कसाला लागतो. मुलाखतीची वेळ मुकादमाकडून ठरली, जागा कंपनीची, दुभाषा कंपनीचाच, तर उत्तर कोणाला दिले जाते? संमतीपत्राची अडचण वेगळी. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदांवर सह्या करत करतच जो माणूस इथवर आला, त्याच्या आणखी एका सहीला स्वखुशी मानायचे का? नाव बदलले म्हणजे ओळख लपली असेही नाही. एखाद्या कॅम्पात मराठी स्वयंपाकी एकच असेल, तर ‘सांगली जिल्ह्यातला एक स्वयंपाकी’ एवढे लिहिले की तो सापडलाच. उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला ओमानमध्ये बंदी आहे. ‘नियम पाळला जातो का’ याला हो किंवा नाही असे उत्तर मिळते. त्या तीन तासांत माणूस कुठे बसतो, पाणी कुठून आणतो, हे विचारले तर दिवस कळतो.

आणि संशोधक स्वतः कोण? मस्कतमधल्या मराठी इंजिनिअरच्या घरातला मुलगा असेल तर त्याला हे मान्य करून सुरुवात करावी लागेल, की ज्याला घरात ‘एनआरआय’ म्हणतात आणि ज्याला ‘लेबर’ म्हणतात, त्या दोघांचेही इथले वास्तव्य शेवटी मालकाच्या करारावरच उभे आहे. शब्द दोन, कायद्याची दोरी एक. हे कबूल करणे अवघड जाते. बऱ्याच प्रबंधांत ‘संशोधकाची भूमिका’ या मथळ्याखाली एक शालीन परिच्छेद येतो आणि पुढच्या प्रकरणात त्याचा मागमूस राहत नाही. तीच गत सैद्धांतिक चौकटीची. होर्कहायमर, त्याचा सहकारी अडोर्नो, हाबरमास यांची नावे दुसऱ्या प्रकरणात हजेरी लावून जातात आणि चौथ्या प्रकरणातले तक्ते जणू ही मंडळी जन्मलीच नव्हती असे चालू राहतात. सिद्धांत वापरला गेला की नाही, हे प्रश्नावलीतल्या प्रश्नांवरून आणि नमुन्याच्या निवडीवरून कळते. संदर्भसूची त्याचा पुरावा नव्हे.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते हलके नाहीत. १९६१ मध्ये ट्यूबिंगेन इथे विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर आणि थिओडोर अडोर्नो समोरासमोर आले, त्या वादातून पुढे येणारा एक आक्षेप असा: जो सिद्धांत कोणत्याही पुराव्याने खोटा ठरू शकत नाही, त्याला विज्ञान कसे म्हणायचे? कामगार हसला तर त्याची जाणीव फसवली गेली आहे आणि रडला तर सिद्धांत खरा ठरला, असे चालू झाले की संशोधन संपते आणि प्रवचन सुरू होते. २००४ मध्ये फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांनी वेगळीच धास्ती बोलून दाखवली. ‘तथ्ये घडवलेली असतात’ हे वाक्य आता हवामानबदल नाकारणारेही वापरू लागले होते. संशय घेणे सोपे असते. त्या संशयातून अधिक भक्कम तथ्यापर्यंत जाणे कष्टाचे.

या आक्षेपांना उत्तर वादात नाही, आराखड्यात देता येते. अमेरातच्या उदाहरणात ते असे दिसेल. ना-हरकत पत्रामुळे लोक टिकत होते, हा दावा असेल तर १ जानेवारी २०२१ नंतर नोकरी बदलण्याचे प्रमाण वाढायला हवे. वाढले नाही तर दावा लंगडा पडतो आणि तसे लिहायची तयारी हवी. वाढले तरी लगेच आनंद मानता येणार नाही, कारण त्याच सुमारास कोविडने हजारोंना घरी पाठवले होते. नियमाचा परिणाम आणि साथीचा परिणाम वेगळे करावे लागतील. आपल्या म्हणण्याविरुद्ध कुठला पुरावा जाईल हे आधीच लिहून ठेवणारा संशोधकच सत्तेबद्दलही विश्वासार्ह बोलू शकतो.

नमुना काढताना तर सर्वाधिक सावध राहावे लागते, कारण तिथली चूक नंतर कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. ओमानच्या २००३ च्या कामगार कायद्यातून घरकाम करणारे वगळलेले होते. मोलकरीण, स्वयंपाकी, घरचा ड्रायव्हर यांच्यासाठी २००४ मध्ये वेगळे नियम निघाले. त्या काळात कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येवरून ज्याने आपला नमुना काढला असता, त्याला अमेरातच्या एकाही घरातली मोलकरीण भेटली नसती.